मुका मार मुका नसतो

मे महिना आला की आमच्याकडे कोकणात कौलं परतायची घाई सुरू होते. फुटकी कौलं काढायची, वाळवी लागलेल्या रिपा बदलायच्या, माकडांनी सरकवलेली कौलं ओळीत आणायची आणि मृगाच्या आत घर पावसाला तयार करायचं. दोन वर्षांपूर्वी याच कामात माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पाख्यावरून घसरला आणि पायरीच्या जांभ्या दगडावर त्याचं डोकं आपटलं. उंची बारा फूट असेल. रक्त फारसं आलं नाही. दोनेक मिनिटं डोळे मिटून पडून राहिला, मग उठून बसला, पाणी मागितलं, "काय नाय, जरा गरगरलं" म्हणाला. जमलेल्यांपैकी एकानं निदान करून टाकलं: मुका मार आहे, पडू दे घटकाभर, होईल बरा.

त्या रात्री नऊ वाजता कोल्हापूरच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी दादाच्या मेंदूच्या स्कॅनच्या दोन फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावल्या. एक दुपारी एकची, आमच्याकडच्या शहरात काढलेली. दुसरी नुकतीच काढलेली. दुपारच्या फिल्ममध्ये मेंदूच्या वळ्या अक्रोडाच्या गरासारख्या स्पष्ट दिसत होत्या, मधल्या पोकळ्या जागच्या जागी होत्या आणि उजवीकडे कपाळामागे तांदळाएवढे दोन-तीन पांढरे ठिपके होते. रात्रीच्या फिल्ममध्ये ते ठिपके एकत्र होऊन मोठा डाग झाला होता, वळ्या बुजून मेंदू गुळगुळीत दिसत होता आणि मधली रेषा डावीकडे ढकलली गेली होती. डॉक्टरांनी पहिल्या फिल्मवर बोट ठेवलं. "पडल्यामुळे झालं ते हे." मग दुसऱ्या फिल्मवर. "आणि हे नंतर झालं. वाटेत."

त्या एका शब्दासाठी मी हे लिहितो आहे.

डोक्याच्या माराचे वैद्यकशास्त्र दोन भाग करतं. पहिली इजा आपटण्याच्या क्षणी होते आणि तिथंच संपते. त्या वेळी जे तुटलं, चिरडलं, ते परत आणणारा उपाय जगात कुणाकडे नाही. दुसरी इजा मात्र पुढचे कित्येक तास, कधी कित्येक दिवस चालू राहते, आणि ती बाहेरून कुणी करत नाही. मेंदूतली यंत्रणा बिघडून आपलीच मोडतोड करत सुटते. या दुसऱ्या इजेतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, बांगडा आठवतो. दादा घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांनी प्रोटीन पावडरीचे डबेसुद्धा आणले. पण इथं बोलतो आहे ती पेशीतली प्रथिनं. पेशीचं बांधकाम त्यांचंच आणि त्या बांधकामावर राबणारे कामगारही तीच.

मार बसल्यावर मेंदूच्या पेशींमधून ग्लुटामेट नावाचं रसायन बेसुमार सांडतं. एरवी ते थेंबाथेंबानं निरोप पोचवतं. आता त्याचा पूर येतो आणि पेशीच्या आवरणातली प्रथिनांची दारं उघडीच राहतात. त्या दारांतून कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम वाढलं की कॅल्पेन हे कातरणारं प्रथिन जागं होतं. निरोगी पेशीत ते मोजकं, जपून काम करतं. आता ते सुटतं आणि पेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवणारं स्पेक्ट्रिनचं जाळं कुरतडायला लागतं. फाटक्या जाळ्यात मासळी राहत नाही, तशी ती पेशी आपला आकार धरून राहत नाही.

मज्जातंतूंमध्येही असंच काहीसं होतं. पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रथिनांची मालवाहतूक सतत चालू असते. दरड कोसळून कोकण रेल्वे अडली की मालगाड्या मागच्या स्टेशनांत एकामागे एक उभ्या राहतात, तशी तंतूची वाट जिथं मोडली तिथं अमायलॉइडचं पूर्वप्रथिन हे वाहतुकीतलं एक प्रथिन साचायला लागतं. मार बसल्यापासून दोन-तीन तासांत हा साठा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतो. न्यायवैद्यक तज्ज्ञ तंतूंची इजा ओळखायला त्याचाच आधार घेतात. टाऊ नावाचं आणखी एक प्रथिन या वाटा बांधून ठेवतं, मांडवाचे बांबू सुंभानं बांधतात तसं. मार बसला की सुंभ सुटतो, मांडव कलतो, आणि सुटलेला टाऊ पुढं स्वतःच गुंता होऊन बसतो. डोक्यावर वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची झिंगल्यासारखी होणारी अवस्था १९२८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली होती. त्यामागे हाच गुंता असतो, हे पुष्कळ नंतर कळलं.

पण माणूस रातोरात दगावतो तो सुजेनं. आणि सूज समजून घ्यायला रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे त्यांना दोन मिनिटं पुरतील.

खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आपण बांध घालतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांनाही असाच बांध असतो. त्यांच्या पेशी एकमेकींना क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांनी घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तातलं वाटेल ते मेंदूत झिरपत नाही. मार बसल्यानंतरच्या तासांत एमएमपी-९ नावाचं प्रथिनं तोडणारं विकर वाढतं आणि हा बांध खायला लागतं. खांड पडते, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं आत येतात. याशिवाय बांधाला उघाडी, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार, असते. मेंदूत रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या ताराकृती पेशी असतात, त्यांच्या पायांशी अॅक्वापोरिन-४ हे पाण्याची वाट असलेलं प्रथिन दाटीनं बसलेलं असतं. अॅक्वापोरिन प्रथिनांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ सालचं नोबेल मिळालं. आता कुणालाही वाटेल, ही उघाडी बंद केली की काम झालं. उंदरांवर ते करून बघितलं गेलं. २००० साली दिसलं की हे प्रथिन नसलेल्या उंदरांत पेशींच्या आत पाणी शिरून येणारी सूज कमी आली. २००४ साली दुसऱ्या प्रकारच्या सुजेत, म्हणजे बांध फुटून पाणी आलं तेव्हा, तेच उंदीर जास्त आजारी पडले, कारण शिरलेलं पाणी बाहेर काढायची वाटही तीच होती. उधाणाच्या वेळी उघाडी मिटलेली हवी आणि शेतात पाणी साचलं की उघडी हवी, हे खारबांधावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शेतात पाणी आलं तर ते पसरायला जागा तरी असते. कवटीला ती सोय नाही. आतला दाब वाढतो, दाबामुळे रक्त आत येईनासं होतं, रक्त नाही म्हणून आणखी पेशी मरतात, त्या मरताना पुन्हा ग्लुटामेट सांडतात. दादाच्या डोक्यात दुपारी एक ते रात्री नऊ या वेळात हे चाललं होतं.

या साखळीतली एखादी कडी औषधानं तोडता येईल, या आशेवर जगानं दोन-तीन दशकं घालवली. स्टिरॉइडनं सूज उतरेल असं वाटून ती वर्षानुवर्षं दिली जात होती. मग दहा हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २००४ साली कळलं की स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १८ टक्के. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडून फार अपेक्षा होत्या. २०१४ साली त्याच्या दोन्ही मोठ्या चाचण्या निष्फळ ठरल्या. ट्रॅनेक्झामिक अॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या स्वस्त औषधाची १२ हजारांहून जास्त रुग्णांवरची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. एकूण निकाल ठाम नव्हता. सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांना तीन तासांच्या आत दिल्यास डोक्याच्या इजेनं होणारे मृत्यू कमी झाले, गंभीर रुग्णांत फरक पडला नाही, आणि जितका उशीर तितका फायदा कमी होत गेला. सुटलेल्या प्रथिनांपैकी एकाच्या मागे धावून हाती फारसं लागत नाही, असा याचा अर्थ मी लावतो. प्रयोगशाळांनी धावत राहावं. आपण कोकणातल्या माणसांनी मात्र या सगळ्या कड्यांचा मूळ खुंटा कुठं आहे ते बघावं.

तो खुंटा प्राणवायू आणि रक्तदाब यांचा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला वीस टक्के तो एकटा वापरतो. सांडलेलं ग्लुटामेट उचलायला, घुसलेलं कॅल्शियम बाहेर फेकायला पेशीला ऊर्जा लागते. प्राणवायू कमी पडला किंवा रक्ताचा जोर कमी पडला की हे पंप थांबतात आणि वर सांगितलेलं सगळं आणखी वेगानं होतं. १९९३ साली अमेरिकेतल्या गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा वरचा रक्तदाब एकदा जरी ९०च्या खाली गेला असेल तरी मृत्यूचं प्रमाण दुपटीवर गेलेलं दिसलं. मग अॅरिझोना राज्यानं रुग्णवाहिकेवरच्या माणसांना तीनच गोष्टी कसून शिकवल्या: प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही, आणि फुग्यानं श्वास देताना घाई करायची नाही, कारण भराभर श्वास दिला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाले. गंभीर मार असलेल्यांमध्ये जगण्याची शक्यता दुपटीनं वाढली होती, श्वासनलिकेत नळी घातलेल्यांमध्ये तिपटीनं. नवं औषध एकही नव्हतं.

आता दादाचा प्रवास बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जखम बांधली, इंजेक्शन दिलं, रक्तदाब मोजला नाही. बोटाला लावायचं प्राणवायू मोजणारं यंत्र कपाटात होतं, त्यातले सेल संपलेले होते. शहरात पोचेपर्यंत एक वाजला. स्कॅन झाला. मेंदूचे सर्जन त्या दिवशी नव्हते, कोल्हापूरला न्या म्हणाले. गाडी मिळेपर्यंत साडेतीन. साखरप्याच्या अलीकडे त्याला दोनदा उलटी झाली. आंबा घाट चढताना तो घोरायला लागला आणि काकी म्हणाली, "झोप लागली वाटतं, बरं झालं." मलाही बरं वाटलं. ती झोप नव्हती. शुद्ध उतरत चालली होती, जीभ मागे पडून श्वासाची वाट अडत होती, आणि तो घोरण्याचा आवाज म्हणजे प्राणवायू कमी पडत असल्याची खूण होती. गाडीत सिलिंडर होता. वर गेल्यावर चालकानं तो उघडला, तेव्हा काटा शून्यावर होता. घाटात ट्रक आडवा म्हणून आणखी पाऊण तास गेला.

दादा वाचला. तो भजनात पखवाज वाजवायचा, पंचक्रोशीत त्याला बोलावणी असायची. आता गणपतीत आरतीला त्याला पखवाजाशी बसवतो. हात पडतात, थाप बरोबर येते, चार मात्रांनंतर ठेका हातातून सुटतो आणि तो आमच्या तोंडाकडे बघत राहतो.

दगडावर आपटणं कदाचित टळलं नसतं. पण नंतरच्या दहा तासांत त्याच्या मेंदूत जे घडलं त्यातलं पुष्कळ टाळण्यासारखं होतं, आणि ते टाळणं एकट्या घरच्यांच्या हातात नव्हतं. म्हणून मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो. कोकणात डोक्याला मार लागणाऱ्यांची कमी नाही. माडावरून, आंब्यावरून, कौलांवरून माणसं पडतात. बोटीवर दोराचा झटका बसून खलाशी आदळतात, आणि किनारा तिथून काही तासांवर असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून परशुराम घाट, भोस्ते घाट ही नावं आपण अपघाताच्या बातम्यांतच जास्त वाचली. आणि मोठ्या उपचाराला जायचं तर आपल्यापुढे सह्याद्री उभा असतो. राजापूर, लांज्यातून आंबा किंवा अणुस्कुरा घाट, चिपळूणातून कुंभार्ली, वैभववाडीतून करूळ. सावंतवाडी, दोडामार्गचा माणूस एकच वाक्य जाणतो, "बांबोळीक न्हेवा," म्हणजे गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. पावसात दरड आली की तेही अनिश्चित.

यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, रस्ता पूर्ण होऊ दे, वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहू देत, मग सगळं होईल. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. तिथं चोवीस तास स्कॅन आणि मेंदूचे सर्जन हवेतच, आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण कॅल्पेन चौपदरीकरणासाठी थांबत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी उद्या सर्जन आले तरी खाडीपट्ट्यातल्या वाडीपासून तिथवरचे दीड-दोन तास उरतातच. ते तास सांभाळणारी माणसं आरोग्य केंद्रातली परिचारिका आणि १०८वरचे डॉक्टर-चालक आहेत. माझं म्हणणं एवढंच, की पहिला पैसा आणि पहिलं प्रशिक्षण तिथं जावं. भरलेला सिलिंडर, चालू स्थितीतलं बोटाचं यंत्र, दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब, घोरणाऱ्या माणसाचा जबडा मानेला धक्का न देता पुढं उचलणं. याला कोट्यवधी लागत नाहीत.

दुसरी मागणी रक्ताच्या चाचणीची आहे, आणि इथं माझे काही डॉक्टर मित्रही माझ्याशी सहमत नाहीत. मेंदूच्या पेशी फुटल्या की त्यांची प्रथिनं रक्तात उतरतात. ताराकृती पेशींच्या सांगाड्यातलं जीएफएपी तासाभरात रक्तात सापडू लागतं आणि साधारण वीस तासांनी शिगेला पोचतं. चेतापेशींमधलं यूसीएच-एल१ आठेक तासांतच शिगेला जातं. मुका मार या प्रथिनांच्या तोंडून बोलत असतो, ऐकायची सोय मात्र आपण केलेली नाही. या दोन प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेत फेब्रुवारी २०१८मध्ये मान्यता मिळाली आणि २०२४मध्ये रुग्णाच्या खाटेशेजारी पंधरा मिनिटांत निकाल देणारी आवृत्ती आली. सौम्य मार लागलेल्या प्रौढांसाठी, चोवीस तासांच्या आत, ती वापरतात. जवळपास दोन हजार रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या स्कॅनमध्ये इजा निघाली त्यांतल्या शंभरातल्या सत्त्याण्णवांहून अधिक जणांना या चाचणीनं आधीच ओळखलं होतं.

मित्रांचा आक्षेप असा की ती महाग आहे, आणि खोटा इशाराही पुष्कळदा देते. दोन्ही खरं. तिचा होकार म्हणजे इजा आहेच असं नाही, स्कॅन करावाच लागतो. ती नाही म्हणाली तर मात्र बहुतेक निर्धास्त राहता येतं. त्या अभ्यासात स्कॅन स्वच्छ निघालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला चाचणीनं आधीच मोकळं केलं असतं. शहरातल्या डॉक्टरला हे थोडं वाटेल, कारण त्याचं स्कॅन यंत्र जिन्याखाली आहे. ज्याला गाडीचे सहा-सात हजार मोजून घाट चढायचा आहे, मजुरी बुडवायची आहे, त्याच्या घरात तिघांतला एक ही फार मोठी गोष्ट आहे. आणि ज्याला जायलाच हवं तो "मुका मार आहे, सकाळी बघू" म्हणत घरी झोपून राहणार नाही. किंमत सरकारी खरेदीनं उतरते, हे आपण याआधी इतर चाचण्यांत पाहिलेलं आहे. निदान तिन्ही जिल्ह्यांत एकेका ग्रामीण रुग्णालयात ती वापरून बघावी आणि वर्षाच्या नोंदी लोकांपुढे ठेवाव्यात.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९. वाडीतून बाजारात जाताना लागत नाही, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी ताकद आता उरलेली नाही. घाला. २०२५च्या मे महिन्यापासून मोटार अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार मिळायची केंद्राची योजना आहे, ती आपल्या रुग्णालयांत खरंच चालते का हेही विचारत राहा. कौलावरून आणि माडावरून पडणारा त्या योजनेत बसत नाही. त्याच्या मेंदूला फरक कळत नाही, कायद्याला का कळावा हे मला समजत नाही.

गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला. सेल आणि सिलिंडर यांची दर सोमवारी तपासणी, आणि डोक्याला मार लागलेला रुग्ण पुढं पाठवताना सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर वेळ, रक्तदाब, प्राणवायू आणि नाव विचारल्यावर काय उत्तर दिलं ते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी ते मनावर घेतलं. एप्रिलमध्ये आंबे काढताना एक पोरगा फांदी मोडून खाली आला. त्याच्याबरोबर गेलेल्या कागदावर निळ्या शाईत होतं: ११.२०, बीपी ११०/७०, ऑक्सिजन ९६, नाव सांगतो, गावाचं नाव चुकतो. १२.०५, बीपी १०४/६८, ऑक्सिजन ९१, मास्क लावला, ९७. गाडीत चढवला १२.१५. घाटावरच्या डॉक्टरांनी तो कागद केसपेपरला टाचून ठेवला, आणि वेळेबद्दल त्यांना घरच्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.